ब्रिटनमध्ये प्रोबेटचा अर्ज करताना वारसा कराची माहिती किती आणि कशी द्यावी लागते

इंग्लंड किंवा वेल्समध्ये स्थायिक झालेली व्यक्ती वारली की तिच्या नावावरचे घर विकण्यासाठी, बँकेतील मोठ्या रकमा काढण्यासाठी आणि शेअर वारसांच्या नावे करण्यासाठी बहुतेक वेळा प्रोबेट, म्हणजे मृताची मालमत्ता हाताळण्याचा अधिकृत अधिकार, घ्यावे लागते. मृत्युपत्र असेल तर त्यात नेमलेला एक्झिक्युटर अर्ज करतो. मृत्युपत्र नसेल तर आधी पती किंवा पत्नी, त्यानंतर मुले अशा क्रमाने जवळच्या नातेवाइकाला अर्जाचा अधिकार मिळतो. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे या लेखातील माहिती इंग्लंड आणि वेल्सपुरती समजावी.

प्रोबेटच्या अर्जातील वारसा कराच्या प्रश्नापाशी अनेक मराठी कुटुंबे अडखळतात. भारतात इस्टेट ड्यूटी १९८५ साली रद्द झाली. तेव्हापासून तिकडे वारशावर असा कर नाही, म्हणून हा विषय मुळातच अनोळखी असतो. त्यातच अर्ज करणाऱ्याची अशी समजूत असते की कर लागत नसेल तर कराविषयी काही कळवण्याचीही गरज नाही. ही समजूत चुकीची आहे. कर भरावा लागतो की नाही हा एक प्रश्न आहे आणि कर खात्याला म्हणजे एचएमआरसीला पूर्ण हिशोब द्यावा लागतो की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असूनही दुसऱ्याचे ‘होय’ असू शकते, आणि भारतात घर, जमीन किंवा ठेवी असलेल्या कुटुंबांच्या बाबतीत असे वारंवार घडते.

कराची मर्यादा

प्रत्येक व्यक्तीला ३,२५,००० पाउंडांपर्यंत वारसा कर लागत नाही. या मर्यादेला निल रेट बँड म्हणतात आणि ती एप्रिल २००९ पासून बदललेली नाही. त्यावरील रकमेवर ४० टक्के दराने कर लागतो. पती किंवा पत्नीला मिळणाऱ्या मालमत्तेवर सहसा कर नसतो आणि नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दिलेल्या रकमेवरही नसतो. आधी वारलेल्या जोडीदाराने सर्व काही मागे राहिलेल्या जोडीदाराला दिले असेल, तर त्याची न वापरलेली मर्यादा दुसऱ्याच्या मर्यादेत मिळवता येते आणि एकूण मर्यादा ६,५०,००० पाउंडांपर्यंत जाते.

याशिवाय राहते घर मुलांना किंवा नातवंडांना जात असेल तर १,७५,००० पाउंडांपर्यंतची जादा मर्यादा मिळते. एकूण मालमत्ता २० लाख पाउंडांच्या वर गेली की ही जादा मर्यादा हळूहळू कमी होत जाते. ही सवलत आपोआप लागू होत नाही, ती मागावी लागते आणि मागायची असेल तर पूर्ण हिशोब द्यावाच लागतो. समजा घटस्फोटित आईने ४,५०,००० पाउंडांचे घर मुलाला ठेवले आहे आणि तिची दुसरी मालमत्ता फारशी नाही. दोन्ही मर्यादा मिळून ५,००,००० पाउंड होत असल्यामुळे कर शून्य आहे. तरीही मुलाला आयएचटी ४०० हा मोठा फॉर्म आणि त्यासोबत आयएचटी ४३५ हे परिशिष्ट भरावे लागेल.

पूर्ण हिशोब कधी द्यावा लागत नाही

ज्या मालमत्तेचा पूर्ण हिशोब एचएमआरसीला द्यावा लागत नाही तिला एक्सेप्टेड इस्टेट म्हणतात. १ जानेवारी २०२२ रोजी किंवा त्यानंतर झालेल्या मृत्यूंसाठी हे नियम सोपे झाले आणि पूर्वीचा आयएचटी २०५ हा छोटा फॉर्म अशा मृत्यूंना लागत नाही. मालमत्ता एक्सेप्टेड असेल तर कराविषयीचे तीन आकडे प्रोबेटच्या अर्जातच लिहायचे असतात. जुने मार्गदर्शन वाचून आयएचटी २०५ शोधत बसणारे अजूनही भेटतात, म्हणून मृत्यूची तारीख आधी पाहून घ्यावी.

एक्सेप्टेड इस्टेटचे तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात मालमत्तेची एकूण किंमत ३,२५,००० पाउंडांच्या आत असते, किंवा जोडीदाराची पूर्ण मर्यादा मिळत असेल तर ६,५०,००० पाउंडांच्या आत. दुसऱ्या प्रकारात एकूण किंमत ३० लाख पाउंडांपर्यंत असू शकते, परंतु देणी आणि पती, पत्नी किंवा धर्मादाय संस्थेला जाणारा भाग वजा केल्यावर उरणारी रक्कम मर्यादेच्या आत असावी लागते. तिसरा प्रकार ब्रिटनमध्ये दीर्घकाळ न राहिलेल्या व्यक्तीसाठी आहे. समजा पुण्यात राहणाऱ्या वडिलांनी मुलाकडे येण्याजाण्यापुरते लंडनमधील बँकेत खाते उघडले होते. ब्रिटनमधील त्यांची मालमत्ता फक्त रोख ठेवी किंवा बाजारात नोंदलेले शेअर एवढीच असेल आणि तिची किंमत १,५०,००० पाउंडांच्या आत असेल, तर ते या प्रकारात बसू शकतात. ब्रिटनमध्ये त्यांच्या नावावर एखादे घर असेल तर ते या प्रकारात बसत नाहीत.

पहिल्या दोन प्रकारांत केवळ एकूण किंमत मर्यादेत असून भागत नाही, इतर अटीही पाळल्या जाव्या लागतात. ब्रिटनबाहेरील मालमत्ता १,००,००० पाउंडांपेक्षा जास्त नसावी. मृत्यूपूर्वीच्या सात वर्षांत दिलेल्या करपात्र भेटी २,५०,००० पाउंडांपेक्षा जास्त नसाव्यात. ट्रस्टमधील हिस्सा साधारणपणे २,५०,००० पाउंडांच्या आत आणि एकाच ट्रस्टमधला असावा. शिवाय एखादी मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करून तिचा उपभोग स्वतःच घेत राहिल्याचा प्रकार नसावा. ही शेवटची अट आपल्या कुटुंबांना विशेष लागू पडते, कारण घर मुलाच्या नावावर करून आईवडील भाडे न देता त्याच घरात राहत असतील, तर ती भेट कराच्या दृष्टीने पूर्ण झालेलीच नसते आणि मालमत्ता एक्सेप्टेड राहत नाही.

भारतातील मालमत्ता

एक लाख पाउंडांची अट वाचायला साधी वाटते. पण एक लाख पाउंड म्हणजे एक कोटी रुपयांच्या थोडे वर, आणि ठाण्यातील किंवा कोथरुडमधील दोन खोल्यांचा फ्लॅटही आज तेवढ्या किमतीचा सहज असतो. म्हणूनच मराठी कुटुंबाने सर्वांत आधी याच अटीचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

एक उदाहरण पाहू. लेस्टरमध्ये राहणारे एक विधुर गृहस्थ २०२५ च्या जूनमध्ये वारले. त्यांच्या पत्नीने तिच्या मृत्युपत्राने सर्व काही त्यांनाच दिले होते, आणि त्यांनी सर्व मालमत्ता मुलगा आणि मुलगी यांना ठेवली. घराची किंमत ४,२०,००० पाउंड, बँकेत ५५,००० पाउंड आणि ठाण्यात १,५०,००० पाउंड किमतीचा फ्लॅट, अशी एकूण मालमत्ता ६,२५,००० पाउंडांची झाली. पत्नीची मर्यादा धरून ६,५०,००० पाउंडांपर्यंत कर नाही, म्हणजे कराची रक्कम शून्य. तरीही ठाण्याचा फ्लॅट एक लाख पाउंडांच्या वर असल्यामुळे मुलांना आयएचटी ४०० भरावा लागेल आणि त्यासोबत परदेशातील मालमत्तेसाठी आयएचटी ४१७, पत्नीच्या मर्यादेसाठी आयएचटी ४०२, घरासाठी आयएचटी ४०५ व बँक खात्यांसाठी आयएचटी ४०६ ही परिशिष्टे जोडावी लागतील. तोच फ्लॅट ९०,००० पाउंडांचा असता आणि इतर अटी पाळल्या गेल्या असत्या, तर यातला एकही फॉर्म लागला नसता.

याच उदाहरणातला दुसरा भाग अधिक गोंधळात टाकतो. इंग्लंडचे प्रोबेट ठाण्याच्या फ्लॅटला लागू होत नाही, त्यामुळे प्रोबेटसाठीची एकूण किंमत ४,७५,००० पाउंडच येते. वारसा करासाठीची एकूण किंमत मात्र ६,२५,००० पाउंड आहे. ‘प्रोबेटमध्ये येत नाही, म्हणजे करातही येत नाही’ असे समजून भारतातील मालमत्ता हिशोबातून वगळणे ही या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ठाण्याचा फ्लॅट प्रत्यक्ष वारसांच्या नावे करण्यासाठी भारतात वेगळी कार्यवाही करावी लागते आणि तिचा इथल्या हिशोबाशी संबंध नसतो.

फ्लॅटची किंमत ठरवतानाही सवयीचा मार्ग उपयोगी पडत नाही. मुद्रांक शुल्कासाठी वापरला जाणारा रेडी रेकनरचा दर ही सरकारी आकारणी असते, तर एचएमआरसीला मृत्यूच्या दिवशी खुल्या बाजारात मिळाली असती ती किंमत हवी असते. म्हणून शासनमान्य मूल्यांकनकाराकडून मृत्यूच्या तारखेचा लेखी अहवाल घ्यावा, त्यासोबत खरेदीखताची प्रत आणि इंडेक्स दोन ठेवावे, आणि त्याच दिवसाच्या विनिमय दराने रुपयांचे पाउंड करावेत. शेतजमीन असेल तर सातबारा उताऱ्यावर मृत व्यक्तीचे नाव किती हिश्श्यासाठी आहे ते तपासावे. एकत्र कुटुंबाच्या जमिनीतील अविभक्त हिस्सा असेल तर त्याची किंमत अंदाजाने न लिहिता दोन्ही देशांचे कायदे जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा. परदेशातील मालमत्ता सांभाळण्यासाठी किंवा विकण्यासाठी ती परदेशात असल्यामुळेच जो जादा खर्च येतो, तो त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत वजा मागता येतो. ही तरतूद फारशी कोणाच्या लक्षात येत नाही.

ठेवींच्या बाबतीत नामनिर्देशनावर विसंबून राहू नये. मुदत ठेवीवर किंवा गृहनिर्माण संस्थेच्या कागदपत्रांत मुलीचे नाव नॉमिनी म्हणून आहे, एवढ्याने ती मालमत्ता हिशोबाबाहेर जात नाही. वडिलांनी सोयीसाठी बँक खात्याला मुलाचे नाव जोडले असेल आणि सर्व पैसे वडिलांचेच असतील, तर निम्मी नव्हे, संपूर्ण रक्कम वडिलांची धरली जाते. दागिन्यांबाबत आधी ते कोणाचे आहेत हे ठरवावे लागते. आईच्या पाटल्या आणि तोडे तिचे स्त्रीधन असेल तर ते वडिलांच्या मालमत्तेत येत नाहीत, पण आई वारल्यावर तिच्या हिशोबात ते बाजारभावाने येतातच.

६ एप्रिल २०२५ पासून झालेल्या मृत्यूंसाठी जगभरातील मालमत्तेवर कर लागतो की नाही हे पूर्वीप्रमाणे डोमिसाइलवर (कायद्याने मानलेल्या कायमच्या देशावर) नव्हे, तर वास्तव्यावर ठरते. आधीच्या २० करवर्षांपैकी किमान १० वर्षे ब्रिटनमध्ये करदृष्ट्या रहिवासी असलेली व्यक्ती दीर्घकालीन रहिवासी मानली जाते. ब्रिटन सोडून गेल्यावरही हा दर्जा आधी ब्रिटनमध्ये काढलेल्या वर्षांच्या हिशोबाने ३ ते १० वर्षे टिकतो, म्हणजे निवृत्तीनंतर पुण्याला परतलेल्या व्यक्तीची भारतातील मालमत्ताही काही वर्षे इथल्या कराच्या कक्षेत राहू शकते. भारत आणि ब्रिटन यांच्यातील १९५६ चा इस्टेट ड्यूटीविषयीचा करार अजूनही लागू आहे आणि भारतात डोमिसाइल असलेल्या व्यक्तीच्या ब्रिटनबाहेरील मालमत्तेला त्याचे संरक्षण मिळू शकते. मात्र ती मालमत्ता ब्रिटनमधील कायद्याने चालणाऱ्या मृत्युपत्राने दिली असेल तर हे संरक्षण मिळत नाही. या कराराचा आधार घ्यायचा असेल तर स्वतः फॉर्म भरू नये, या विषयातल्या सॉलिसिटरची मदत घ्यावी.

जोडीदार भारतातच राहत असेल तर आणखी एक मर्यादा येते. वारलेली व्यक्ती दीर्घकालीन रहिवासी आणि जोडीदार तसा नसेल, तर जोडीदाराला मिळणारी करमाफी अमर्याद नसून ३,२५,००० पाउंडांपर्यंतच असते.

भेटींचा हिशोब

मृत्यूपूर्वीच्या सात वर्षांतील भेटी शोधण्यासाठी बँकेची स्टेटमेंट महिनावार पाहण्याला पर्याय नाही. दर करवर्षी ३,००० पाउंडांपर्यंतच्या भेटी, प्रत्येक व्यक्तीला २५० पाउंडांपर्यंतच्या लहान भेटी आणि मुलाच्या लग्नात दिलेले ५,००० पाउंड यांवर कर नसतो. उत्पन्नातून नियमितपणे दिलेल्या आणि राहणीमानाला धक्का न लावणाऱ्या रकमाही करमुक्त असतात. परंतु आपण एक्सेप्टेड इस्टेटमध्ये बसतो का हे तपासताना या नियमित रकमा एका करवर्षात ३,००० पाउंडांपेक्षा जास्त असतील तर त्या २,५०,००० पाउंडांच्या मर्यादेत मोजाव्या लागतात. भावाच्या मुलीच्या वैद्यकीय शिक्षणासाठी दरमहा नागपूरला पैसे पाठवणाऱ्या व्यक्तीच्या वारसांनी हे विसरू नये.

अर्जातील आकडे आणि कागदपत्रे

मालमत्ता एक्सेप्टेड असेल तर प्रोबेटच्या अर्जात वारसा करासाठीची एकूण किंमत, देणी वजा केलेली निव्वळ किंमत आणि जोडीदार किंवा धर्मादाय संस्थेला जाणारा भागही वजा केल्यावर उरणारी किंमत असे तीन आकडे लिहावे लागतात. त्यानंतर प्रोबेटसाठीची एकूण आणि निव्वळ किंमत वेगळी विचारली जाते. देण्यांमध्ये गहाणकर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि अंत्यसंस्काराचा वाजवी खर्च धरता येतो, पण प्रोबेटचे शुल्क आणि सॉलिसिटरची फी धरता येत नाही. पतीपत्नीचे संयुक्त घर कोणत्या प्रकाराने घेतले आहे हे लँड रजिस्ट्रीच्या उताऱ्यावरून पाहावे. जॉइंट टेनंट असतील तर मृताचा हिस्सा आपोआप दुसऱ्याकडे जातो आणि प्रोबेटच्या किमतीत येत नाही, मात्र वारसा कराच्या किमतीत तो धरावाच लागतो.

प्रोबेटचा अर्ज ऑनलाइन करता येतो, किंवा मृत्युपत्र असल्यास पीए१पी आणि नसल्यास पीए१ए हा कागदी फॉर्म भरता येतो. जास्तीत जास्त चार जण मिळून अर्ज करू शकतात. ५,००० पाउंडांपेक्षा जास्त मालमत्तेसाठीचे शुल्क मे २०२४ मध्ये ३०० पाउंड झाले. अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची मूळ प्रत पाठवावी लागते. मूळ प्रत पाठवताना तिला लावलेली स्टेपलची पिन काढू नये आणि तिच्यावर दुसरा कागदही टाचू नये, कारण पिनेची जादा भोके दिसली की आणखी एखादा कागद जोडलेला होता का अशी शंका येते आणि खुलासा मागितला जातो. स्कॅन करण्यासाठीसुद्धा पिन काढू नये. मृत्युपत्र मराठीत असेल तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे. बँका आणि विमा कंपन्यांकडून मृत्यूच्या दिवसापर्यंतची शिल्लक व त्या दिवसापर्यंत साचलेले व्याज दाखवणारी पत्रे मागवावीत. ती अर्जासोबत पाठवावी लागत नाहीत, पण पुढे एचएमआरसीने विचारणा केल्यास दाखवण्यासाठी जपून ठेवावीत.

पूर्ण हिशोब द्यावा लागत असेल तर

या बाबतीत कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आयएचटी ४०० आणि त्याची परिशिष्टे आधी एचएमआरसीला पाठवायची. कर देय असेल तर पैसे भरण्याच्या किमान तीन आठवडे आधी संदर्भ क्रमांक मागवायचा. हिशोब तपासल्यावर एचएमआरसीकडून एक पत्र येते, त्यात एक खास कोड आणि प्रोबेटसाठीचे आकडे असतात. ते पत्र हातात आल्याशिवाय प्रोबेटचा अर्ज करू नये. घाईने दोन्ही अर्ज एकदम पाठवले तर प्रोबेट रजिस्ट्रीत अर्ज अडकतो आणि लागणारा वेळ उलट वाढतो.

आयएचटी ४०० देण्याची मुदत मृत्यूच्या महिन्याच्या अखेरीपासून बारा महिन्यांची आहे आणि उशीर झाल्यास दंड होऊ शकतो. कर भरण्याची मुदत मात्र त्याआधीच, म्हणजे मृत्यूच्या महिन्यानंतरच्या सहाव्या महिन्याच्या अखेरीस संपते. जूनमध्ये मृत्यू झाला असेल तर ३१ डिसेंबरनंतर व्याज सुरू होते, आणि एप्रिल २०२५ पासून या व्याजाचा दर बँक ऑफ इंग्लंडच्या दरापेक्षा ४ टक्क्यांनी अधिक आहे. प्रोबेट मिळाल्याशिवाय बँक पैसे देत नाही आणि कर भरल्याशिवाय प्रोबेट मिळत नाही, ही अडचण आयएचटी ४२३ या फॉर्मने सुटू शकते, कारण त्याद्वारे मृताच्या ब्रिटनमधील बँकेला थेट एचएमआरसीकडे रक्कम पाठवण्यास सांगता येते. घर आणि जमिनीवरील कर दहा वार्षिक हप्त्यांतही भरता येतो.

भारतातून मूल्यांकनाचा अहवाल वेळेत येत नसेल तर आयएचटी ४०० मध्ये वाजवी अंदाज लिहून तो अंदाज असल्याचे स्पष्ट नमूद करता येते आणि खरा आकडा मिळाल्यावर तो कळवता येतो. एक्सेप्टेड समजून प्रोबेट घेतल्यानंतर एखादे विसरलेले खाते किंवा गावची जमीन सापडली आणि तिच्यामुळे मर्यादा ओलांडली गेली, तर ते लक्षात आल्यापासून सहा महिन्यांत आयएचटी ४०० द्यावा लागतो. जोडीदाराची न वापरलेली मर्यादा आणि राहत्या घराची त्याची न वापरलेली जादा मर्यादा मागण्यासाठी मृत्यूच्या महिन्याच्या अखेरीपासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणून आधी वारलेल्या जोडीदाराचे मृत्युपत्र, विवाहाचा दाखला आणि मृत्यूचा दाखला सुरुवातीलाच शोधून ठेवावा. विवाह भारतात झाला असेल आणि जुन्या काळी नोंदणी झाली नसेल, तर पुरावा जमवायलाच काही महिने जातात. तसेच ६ एप्रिल २०२७ पासून होणाऱ्या मृत्यूंसाठी न वापरलेली बहुतेक पेन्शनची रक्कमही वारसा कराच्या हिशोबात धरली जाणार आहे. आज एक्सेप्टेड ठरणारी अनेक कुटुंबांची मालमत्ता त्या तारखेनंतर तशी राहणार नाही, तेव्हा पेन्शनची कागदपत्रेही घराच्या कागदपत्रांसोबत एकाच ठिकाणी ठेवावीत आणि कुटुंबातील किमान एका व्यक्तीला त्यांची माहिती द्यावी.